छोटा देश, दूरची बाजारपेठ : न्यूझीलंडच्या दूध-निर्यातीचा अभ्यास

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील.

• छोट्या देशाला निर्यात का अपरिहार्य असते, हे स्पष्ट करणे.
• अंतराचा अडसर दूर करण्यासाठी मालाचे रूप कसे बदलले जाते, हे उदाहरणासह सांगणे.
• चीन, अल्जीरिया आणि श्रीलंका या खरेदीदारांच्या मागणीतील फरक ओळखणे.
• एकाच बाजारपेठेवर विसंबण्यातील धोक्याचे विवेचन करणे.
• जागतिक बाजारातील दूध भुकटीच्या दराचा आपल्याकडील दूध उत्पादकाशी असलेला संबंध सांगणे.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, आंतरराष्ट्रीय व्यापाराचा विचार करताना आपल्या डोळ्यांसमोर सहसा अमेरिका, चीन, जर्मनी यांसारखे मोठे देश येतात. परंतु व्यापाराचे खरे महत्त्व आणि त्यातील खरी जोखीम समजून घ्यायची असेल, तर लहान देशाकडे पाहणे अधिक उपयुक्त ठरते. मोठ्या देशाचा निर्यातव्यापार मंदावला, तर देशातील ग्राहक त्याला काही काळ तारून नेतात. लहान देशाला तो आधार नसतो.

या घटकात आपण न्यूझीलंडचे उदाहरण घेणार आहोत. या देशाचे क्षेत्रफळ सुमारे २ लाख ६८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा थोडे कमी आहे. लोकसंख्या मात्र ५० लाखांच्या थोडी पुढे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार एकट्या नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाख होती, हे लक्षात घेतले म्हणजे या देशाच्या लहानपणाची कल्पना येते. असा हा देश दुग्धपदार्थांच्या जागतिक व्यापारात अग्रस्थानी आहे आणि त्याचे मोठे खरेदीदार हजारो किलोमीटर दूर असलेल्या विकसनशील देशांत आहेत. हे कसे घडले आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा या घटकाचा विषय आहे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ निर्यात ही गरज का ठरते?

न्यूझीलंडमध्ये वर्षाला सुमारे २,१०० कोटी लीटर दूध तयार होते. जगातील सर्वाधिक दूध पिकवणाऱ्या भारताच्या तुलनेत हे उत्पादन एक-दशांशाहूनही कमी आहे. तरीही जागतिक बाजारात न्यूझीलंडचा दबदबा आहे आणि भारताचे स्थान गौण आहे. याचे कारण उत्पादनात नसून उपभोगात आहे. भारतातील दूध बव्हंशी भारतातच खपते. न्यूझीलंडमधील सुमारे ९५ टक्के दूध कोणत्या ना कोणत्या रूपात देशाबाहेर जाते.

यावरून एक महत्त्वाचा भेद लक्षात येतो. मोठा देश आपली गरज भागल्यावर उरलेला माल निर्यात करतो. छोटा देश मुळातच निर्यातीसाठी उत्पादन करतो. मोटारी, इंधन, यंत्रसामग्री, औषधे अशा असंख्य वस्तू त्याला बाहेरून आणाव्या लागतात. ५० लाखांच्या बाजारपेठेसाठी या सर्व वस्तू देशातच बनवणे परवडत नाही. आयातीचे मोल परकीय चलनात द्यावे लागते आणि ते चलन निर्यातीतूनच मिळवावे लागते. न्यूझीलंडच्या एकूण वस्तु-निर्यातीत दुग्धपदार्थांचा वाटा एक-चतुर्थांशाहून अधिक असतो. म्हणजे तेथील कुरणावरचे गवत आणि तेथील रस्त्यावर धावणारी परदेशी मोटार यांच्यात थेट नाते आहे.

५.२.२ अंतरावर मात : मालाचे रूप बदलणे

दूध काही तासांत नासते आणि न्यूझीलंडपासून कोणतीही मोठी बाजारपेठ जवळ नाही. मग हा व्यापार शक्य कसा झाला? वाहतूक जितकी महत्त्वाची, तितकाच मालाच्या रूपातील बदलही महत्त्वाचा, हे याचे उत्तर आहे.

पहिला टप्पा गोठवणुकीचा होता. १५ फेब्रुवारी १८८२ रोजी ‘डनेडिन’ नावाचे शिडाचे जहाज पोर्ट चाल्मर्स बंदरातून गोठवलेले मांस घेऊन निघाले आणि ९८ दिवसांनी लंडनला पोहोचले. माल उत्तम स्थितीत होता. तोपर्यंत लोकर, सोने, धान्य असा न नासणारा मालच दूर पाठवता येत असे. शीतकरणामुळे मांस, लोणी आणि चीज यांनाही जगाचा बाजार खुला झाला.

दुसरा टप्पा भुकटीचा. गाईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. दूध हजारो किलोमीटर पाठवणे म्हणजे मुख्यतः पाणी पाठवणे होय. म्हणून कारखान्यात आधी दूध तापवून निर्जंतुक करतात. नंतर कमी दाबाखाली आटवून ते दाट करतात आणि शेवटी उंच मनोऱ्यात गरम हवेच्या झोतात त्याचे सूक्ष्म तुषार उडवतात. तुषारातील पाणी क्षणात उडून जाते आणि तळाशी भुकटी जमते. साधारणपणे आठ किलो दुधापासून एक किलो पूर्ण स्निग्धांशाची भुकटी मिळते. ही भुकटी शीतगृहाविना अनेक महिने टिकते. ज्या देशांत शीतसाखळी अपुरी आहे, तेथे हा गुण निर्णायक ठरतो.

भुकटीचे आणखी एक कारण हवामानात आहे. न्यूझीलंडमधील गाई मुख्यतः कुरणातील गवतावर पोसल्या जातात. गवत वसंतात, म्हणजे तेथील सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात, भरभरून वाढते. त्याच काळात दुधाचा पूर येतो आणि हिवाळ्यात बहुतेक गाई आटतात. काही महिन्यांत आलेले दूध वर्षभर विकायचे, तर ते टिकाऊ रूपात साठवणे भाग असते. गवतावरील दूध कमी खर्चाचे असते, हा या देशाचा तुलनात्मक लाभ आहे, तर ते विशिष्ट हंगामातच येते, ही त्या लाभाची मर्यादा आहे. भुकटीमुळे ही मर्यादा बऱ्याच अंशी ओलांडता आली.

स्वयंअध्ययन प्रश्न – १
(अ) भारतात दूध अधिक पिकत असूनही जागतिक व्यापारात न्यूझीलंड आघाडीवर का आहे?
(आ) दूध भुकटीच्या रूपात निर्यात करण्याची कोणतीही दोन कारणे लिहा.

५.२.३ एकाच खरेदीदाराचा आधार : ब्रिटन

‘डनेडिन’च्या प्रवासानंतर जवळजवळ नव्वद वर्षे न्यूझीलंडचा निर्यातव्यापार ब्रिटनभोवती फिरत राहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर १९५४ पर्यंत ब्रिटिश सरकार तेथील मांस व दुग्धपदार्थ घाऊक करारांनी विकत घेत असे. १९५० च्या दशकाच्या मध्यावर एकूण निर्यातीपैकी जवळपास दोन-तृतीयांश माल ब्रिटनला जात होता. भाव ठरलेला, ग्राहक ओळखीचा आणि भाषा एकच. त्यामुळे दुसरी बाजारपेठ शोधण्याची निकड फारशी भासली नाही.

१९६१ मध्ये ब्रिटनने युरोपीय आर्थिक समुदायात प्रवेशासाठी अर्ज केला, तेव्हा या निश्चिंतीला पहिला धक्का बसला. समुदायात गेल्यावर ब्रिटनला युरोपीय शेतकऱ्यांच्या मालाला प्राधान्य द्यावे लागणार होते. फ्रान्सच्या विरोधामुळे हा प्रवेश लांबला आणि अखेर १ जानेवारी १९७३ रोजी झाला. न्यूझीलंडने वाटाघाटी करून लोणी आणि चीज यांच्यासाठी संक्रमणकाळातील सवलत मिळवली, परंतु तिचे प्रमाण उतरते होते. एका दूरच्या राजधानीतील राजकीय निर्णयाने छोट्या देशातील शेतकऱ्याचे भवितव्य बदलू शकते, हा धडा या घटनेने दिला.

पुढे १९८४ नंतर न्यूझीलंड सरकारने शेतीवरील अनुदाने जवळपास पूर्णपणे काढून टाकली. मेंढ्यांची संख्या घटत गेली. १९८० च्या दशकाच्या आरंभी ती सुमारे ७ कोटी होती, आज ती अडीच कोटींच्या आसपास आहे. अनेक कुरणांवर मेंढ्यांच्या जागी दुभत्या गाई आल्या. २००१ मध्ये दोन मोठ्या सहकारी दूध संस्था आणि सरकारी कायद्याने स्थापन झालेले दुग्ध मंडळ यांच्या विलीनीकरणातून ‘फॉन्टेरा’ ही शेतकऱ्यांच्या मालकीची सहकारी संस्था उभी राहिली. लहान देशातील विखुरलेल्या उत्पादकांनी जगाच्या बाजारात एकवटून उतरावे, हा त्यामागील हेतू होता.

५.२.४ विकसनशील देशांकडे वळण

युरोपचे दार अरुंद झाल्यावर नवे खरेदीदार आशिया, आफ्रिका आणि पश्चिम आशियात मिळाले. मात्र ‘विकसनशील देश’ असा एकच शब्द वापरला, तरी त्यांची मागणी एकाच प्रकारची नसते. पुढील तीन उदाहरणे पाहा.

(१) चीन : उत्पन्नवाढीतून निर्माण झालेली मागणी. जागतिक व्यापार संघटनेत स्वतःला विकसनशील म्हणवणाऱ्या या देशात परंपरेने दुधाचा वापर फार कमी होता. शहरीकरण आणि वाढते उत्पन्न यांमुळे तो झपाट्याने वाढला. ७ एप्रिल २००८ रोजी बीजिंगमध्ये चीन आणि न्यूझीलंड यांच्यात मुक्त व्यापार करार झाला. चीनशी असा सर्वसमावेशक करार करणारा न्यूझीलंड हा पहिला विकसित देश होय. दुग्धपदार्थांवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने कमी होत गेले आणि १ जानेवारी २०२४ पासून शेवटचे निर्बंधही संपले.

(२) अल्जीरिया : सरकारी खरेदीतून येणारी मागणी. पृथ्वीच्या गोलावर न्यूझीलंडच्या जवळजवळ नेमका विरुद्ध बाजूला स्पेन येतो. त्याच्या दक्षिणेला भूमध्य समुद्रापलीकडे अल्जीरिया आहे. म्हणजे याहून दूरची बाजारपेठ मिळणे अवघड. येथे सरकारी संस्था निविदा काढून भुकटी विकत घेते. भुकटीपासून पुन्हा दूध तयार करून ते पिशवीतून सवलतीच्या दरात लोकांना दिले जाते. या मागणीमागे सरकारची तिजोरी आहे आणि ती तिजोरी मुख्यतः खनिज तेल व वायूच्या उत्पन्नावर भरते. साहजिकच तेलाचा भाव उतरला की दूध भुकटीच्या खरेदीवरही ताण येऊ शकतो.

(३) श्रीलंका : सवयीतून रुजलेली मागणी. येथे घरोघरी चहात भुकटीचे दूध घालण्याची पद्धत आहे. देशांतर्गत दूध उत्पादन गरजेच्या निम्म्याहूनही कमी आहे. त्यामुळे मागणी सातत्याची असते, परंतु ती परकीय चलनाच्या उपलब्धतेवर अवलंबून असते. २०२१-२२ च्या आर्थिक संकटात देशाकडील डॉलर आटले, तेव्हा दूध भुकटीची तीव्र टंचाई झाली. लोकांना दूध नको होते असे नाही. ते विकत आणण्यासाठी देशाकडे चलन नव्हते. ‘मागणी’ म्हणजे केवळ इच्छा नसून क्रयशक्तीची जोड असलेली इच्छा, ही अर्थशास्त्रातील व्याख्या येथे प्रत्यक्ष दिसते.

५.२.५ किंमत कशी ठरते?

जगात तयार होणाऱ्या दुधाचा फारच थोडा हिस्सा देशांच्या सीमा ओलांडतो. बाकीचे दूध जेथे पिकते, तेथेच खपते. अशा मर्यादित बाजारात मागणी वा पुरवठ्यात थोडा फरक पडला, तरी किमती मोठ्या प्रमाणावर हलतात. २००८ पासून ‘ग्लोबल डेअरी ट्रेड’ या व्यासपीठावर साधारणतः महिन्यातून दोनदा लिलाव होतो आणि तेथील भाव जगभर मार्गदर्शक मानले जातात.

२०१४ च्या आरंभी पूर्ण स्निग्धांशाच्या भुकटीचा दर टनाला सुमारे ५,००० अमेरिकी डॉलर होता. ऑगस्ट २०१५ मध्ये तो सुमारे १,६०० डॉलरपर्यंत घसरला. चीनमध्ये साठे वाढल्याने तेथील खरेदी मंदावली होती. रशियाने ऑगस्ट २०१४ मध्ये पाश्चात्त्य देशांच्या खाद्यपदार्थांवर बंदी घातली होती. एप्रिल २०१५ पासून युरोपीय संघातील दूध उत्पादनावरील कोटा पद्धतही रद्द झाली. यांपैकी एकही निर्णय न्यूझीलंडने घेतलेला नव्हता.

याचा शेतकऱ्यावर झालेला परिणाम आकड्यांतून पाहू. तेथे दुधाचा दर लीटरवर नव्हे, तर दुधातील स्निग्धांश आणि प्रथिने यांच्या वजनावर देतात. फॉन्टेराने २०१३-१४ च्या हंगामात किलोला ८.४० न्यूझीलंड डॉलर दर दिला. २०१५-१६ मध्ये तो ३.९० डॉलरवर आला. एखाद्या शेतकऱ्याकडे वर्षाला १ लाख ५० हजार किलो घनांश तयार होतो असे समजू. त्याची दुधाची जमा १२ लाख ६० हजार डॉलरवरून ५ लाख ८५ हजार डॉलरवर येईल. गाई तेवढ्याच, श्रम तेवढेच, कर्जाचा हप्ताही तोच, आणि जमा मात्र निम्म्याहून कमी. मार्च १९८५ पासून न्यूझीलंडचा विनिमय दर तरता आहे. निर्यातमालाचे भाव पडले की बहुधा त्यांचा डॉलरही घसरतो आणि नुकसान काहीसे सौम्य होते. पण ते भरून निघत नाही.

५.२.६ विश्वास : न दिसणारा निर्यातमाल

दूरच्या ग्राहकाला गोठा दिसत नाही. तो डब्यावरील नावावर विसंबतो. त्यामुळे अन्नपदार्थांच्या निर्यातीत विश्वास हाच निम्मा माल असतो.

चीनशी करार होऊन पाच महिने होतात न होतात, तोच सप्टेंबर २००८ मध्ये तेथे भेसळीचे भीषण प्रकरण उघडकीस आले. पाणी घातलेल्या दुधात प्रथिने अधिक भासावीत म्हणून मेलामाइन हे रसायन मिसळले गेले होते. सहा अर्भकांचा मृत्यू झाला आणि सुमारे ३ लाख बालके आजारी पडली. यात केंद्रस्थानी असलेल्या ‘सानलू’ या चिनी कंपनीत फॉन्टेराची ४३ टक्के भागीदारी होती. यानंतर चिनी पालकांचा देशी दुधावरील विश्वास उडाला आणि आयात भुकटीची मागणी वाढली. त्या संस्थेच्या भागीदारीतील कंपनी अडचणीत आली असतानाच त्या देशाच्या मालाला मात्र मागणी आली, असा हा विचित्र योग होता.

पुढे ऑगस्ट २०१३ मध्ये न्यूझीलंडमधील एका दुग्धप्रथिनाच्या साठ्यात घातक जिवाणू असल्याची शंका जाहीर झाली. चीनसह काही देशांनी संबंधित मालाची आयात थांबवली. पुढील तपासणीत शंका निराधार ठरली, पण मधल्या काळात साऱ्या देशाचे नाव पणाला लागले होते. मोठ्या व बहुविध निर्यात असलेल्या देशात एखाद्या मालाची बदनामी त्या मालापुरती राहू शकते. छोट्या देशात ती देशाचीच होण्याचा धोका असतो.

५.२.७ जुनाच प्रश्न, नवे रूप

आज न्यूझीलंडच्या एकूण वस्तु-निर्यातीपैकी एक-चतुर्थांशाहून अधिक माल एकट्या चीनला जातो. प्रमाण ब्रिटनच्या काळाएवढे नाही, तरी प्रश्न तोच आहे. चीनने स्वतःचे दूध उत्पादन २०१८ मधील सुमारे ३ कोटी टनांवरून पाच वर्षांत ४ कोटी टनांच्या पुढे नेले आहे. तेथील जन्मदरही घटतो आहे. आयात करणारा विकसनशील देश सदैव आयातदार राहत नाही. स्वयंपूर्ण होणे हे त्याच्याही विकासाचे उद्दिष्ट असते. निर्यातदाराने या शक्यतेचा विचार आरंभापासून केला पाहिजे.

याला पर्याय दोन. एक, खरेदीदारांची संख्या वाढवणे. दुसरा, भुकटीऐवजी चीज, मलई, विशेष प्रथिने असे अधिक मूल्याचे पदार्थ विकणे. दोन्ही दिशांनी प्रयत्न चालू आहेत. परंतु गाई वाढवत राहणे हा तिसरा मार्ग आता खडतर झाला आहे. देशाच्या हरितगृह वायू उत्सर्जनापैकी सुमारे निम्मा भाग शेती व पशुपालनातून येतो. गोमूत्र आणि खतांतील नत्र झिरपून नद्या व भूजल दूषित होते. भुकटी देशाबाहेर जाते, प्रदूषण मात्र देशातच राहते. निर्यातीच्या हिशेबात ही बाजूही मांडावी लागते.

स्वयंअध्ययन प्रश्न – २
(अ) अल्जीरिया आणि श्रीलंका यांच्या मागणीतील मुख्य फरक कोणता?
(आ) ब्रिटनवरील आणि चीनवरील अवलंबनात कोणते साम्य व कोणता फरक दिसतो?

५.२.८ आपल्याशी असलेला संबंध

भारत दूध भुकटीवर सर्वसाधारणपणे सुमारे ६० टक्के आयात शुल्क आकारतो. त्यामुळे न्यूझीलंडची भुकटी आपल्या बाजारात सहजी येत नाही. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी भारताने ‘प्रादेशिक सर्वसमावेशक आर्थिक भागीदारी’ या करारातून माघार घेतली. त्यामागील कारणांत दूध उत्पादकांची चिंता हे एक ठळक कारण होते. दोन-चार जनावरे सांभाळणारे आपले कुटुंब आणि शेकडो गाईंचा कळप राखणारा तेथील शेतकरी यांना एकाच तराजूत तोलता येत नाही, हा त्यामागील युक्तिवाद होता.

तथापि शुल्काची भिंत असली, तरी किमतीची झळ पोहोचतेच. दुधाच्या पुष्टकाळात महाराष्ट्रातील दूध संघ व खाजगी प्रकल्प अतिरिक्त दुधाची भुकटी करतात. जागतिक बाजारात भाव पडलेले असले, तर ही भुकटी निर्यात करणे परवडत नाही. साठे पडून राहतात आणि गावच्या संकलन केंद्रावरील खरेदी दर खाली येतो. जुलै २०१८ मध्ये दूध दरासाठी राज्यात झालेल्या आंदोलनामागे ही परिस्थिती एक महत्त्वाचे कारण होती.

५.३ सारांश

छोट्या देशासाठी निर्यात म्हणजे शिल्लक मालाची विक्री नसून अर्थव्यवस्थेचा पाया असतो. न्यूझीलंडने आधी शीतकरणाने आणि पुढे भुकटीच्या तंत्राने अंतरावर मात केली. ब्रिटनची बाजारपेठ आकुंचन पावल्यावर त्याने दूरच्या विकसनशील देशांत जागा मिळवली. या देशांची मागणी उत्पन्न, सरकारी धोरण आणि परकीय चलन अशा वेगवेगळ्या आधारांवर उभी असते. अंतराचा प्रश्न तंत्रज्ञानाने सुटला, परंतु अवलंबनाचा प्रश्न तंत्रज्ञानाने सुटत नाही. त्यासाठी खरेदीदारांची विविधता, मालाचे मूल्यवर्धन आणि जपलेला विश्वास यांची गरज असते.

५.४ पारिभाषिक शब्द

तुलनात्मक लाभ : इतर वस्तूंच्या तुलनेत एखादी वस्तू सापेक्षतः कमी खर्चात निर्माण करण्याची देशाची क्षमता.
तरता विनिमय दर : सरकारने निश्चित न करता चलनाच्या मागणी-पुरवठ्यानुसार ठरणारा दर.
पुष्टकाळ : वर्षातील दूध उत्पादन विपुल असणारा काळ.
मूल्यवर्धन : प्रक्रिया करून मालाची किंमत वाढवणे.

५.५ स्वयंअध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) भारतातील दूध देशातच खपते, न्यूझीलंडमधील सुमारे ९५ टक्के दूध निर्यात होते. (आ) दुधातील पाण्याच्या वाहतुकीचा खर्च वाचतो. हंगामी दूध शीतगृहाविना दीर्घकाळ टिकवता येते.

प्रश्न २ : (अ) अल्जीरियाची मागणी सरकारी खरेदीवर आणि पर्यायाने तेल-वायूच्या उत्पन्नावर अवलंबून आहे, श्रीलंकेची मागणी घरगुती सवयीतून येते, पण परकीय चलनाअभावी ती पुरी होऊ शकत नाही. (आ) दोन्हींत खरेदीदार देशाच्या निर्णयाचा उत्पादकावर थेट परिणाम होतो, हे साम्य. ब्रिटनचा वाटा दोन-तृतीयांशापर्यंत होता, चीनचा एक-चतुर्थांशाहून अधिक आहे; ब्रिटनने व्यापारगट बदलला, तर चीन स्वतःचे उत्पादन वाढवत आहे, हा फरक.

५.६ क्षेत्रीय कार्य

आपल्या परिसरातील दूध संकलन केंद्राला किंवा दूध संघाला भेट द्या. मागील बारा महिन्यांतील खरेदी दरांची नोंद घ्या. पुष्टकाळात अतिरिक्त दुधाचे काय केले जाते, याची माहिती मिळवा. दर केव्हा व कोणत्या कारणांनी बदलले, याविषयी दोन पृष्ठांचे टिपण तयार करा.